व्हॉल्व्हवाल्या बाईची दाढ

२०२५ च्या संक्रांतीला, १४ जानेवारीला, हळदीकुंकवाच्या गडबडीत तिळाची वडी चावताना माझी खालची डावी दाढ तुटली. वडी माझ्याच हातची आणि पाक पुढे गेलेला, त्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नव्हती. ती दाढ निघाली २० फेब्रुवारीला. म्हणजे सदतीस दिवस. दुसऱ्या कुणाची गल्लीतल्या दवाखान्यात अर्ध्या तासात निघाली असती. माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून एवढं रामायण. ते तारीखवार लिहून ठेवते, कारण मला तेव्हा शोधूनही मराठीत असं काही सापडलं नव्हतं.

मागचं थोडक्यात सांगते. नवव्या वर्षी घसा धरला, मग ताप आला, मग एकेक सांधा सुजला. संधिवाताचा ताप. सांधे बरे झाले, पण डाव्या बाजूची मायट्रल झडप आखडून गेली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत शाळा-कॉलेज काढलं. (ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे, त्या दिवशी बाकावर एका कुल्ल्यावर बसावं लागतं.) २०१४ च्या जूनमध्ये ऑपरेशन झालं, केशरी रेशनकार्डावर, तेव्हाच्या जीवनदायी योजनेतून. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली, आत चकती झुलणारी झडप बसवली. रात्री पंखा बंद असला की मला ती ऐकू येते. टिक, टिक. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता ॲसिट्रॉमची गोळी, एक दिवस दोन मिलिग्रॅम, एक दिवस तीन. झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून. आणि महिन्यातून एकदा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. निरोगी माणसाचं येतं साधारण १. माझं अडीच ते साडेतीनच्या मधे राहायला हवं.

डिस्चार्ज कार्डाच्या मागे लाल पेनाने लिहिलं होतं : दाताचं काम करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, आधी अँटिबायोटिक घ्या. मी त्याचा अर्थ काढला की दाताच्या डॉक्टरकडे जायचंच नाही. साडेदहा वर्षं गेले नाही. हिरड्यांतून रक्त यायचं, तर ॲसिट्रॉममुळे येतंय म्हणून ब्रश हळू फिरवायला लागले. मागच्या दातांपर्यंत तर नेतच नव्हते.

१८ जानेवारी, शनिवार. बदलापुरातल्या आमच्या नेहमीच्या दातांच्या दवाखान्यात गेले. (नेहमीच्या म्हणजे नवऱ्याच्या आणि मुलाच्या.) डॉक्टरांनी आरसा तोंडात घातला, 'मूळ आत राहिलंय, काढावं लागेल' म्हणाले आणि पुढचं सामान उचलता उचलता विचारलं, 'बीपी, शुगर, काही औषधं?' मी झडपेचं सांगितल्यावर सामान परत ट्रेमध्ये गेलं. 'ताई, हे मी इथे नाही करणार. कार्डिऑलॉजिस्टचं पत्र आणा आणि मोठ्या हॉस्पिटलात करून घ्या.' त्यांनी पैसेही घेतले नाहीत. त्या क्षणी मला अपमान वाटला, जणू मी नासका माल. आता वाटतं की सगळ्या प्रवासातला तो सगळ्यात शहाणा माणूस होता.

कारण सोमवारी, २० तारखेला, मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले. तिथे अडचणच नव्हती. 'रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा, शनिवारी या, काढून टाकू.' इतकं सोपं ऐकून मोह झाला हो. कुठे मुंबईला खेपा घालत बसायचं? पण ऑपरेशनच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांची झडप बसवून तीन वर्षं झालेली, आणि गावी लग्नाच्या धावपळीत दहा दिवस गोळी राहिली म्हणून झडप अडकून परत आल्या होत्या. त्यांचा श्वास मला आठवतो. कृत्रिम झडप असणाऱ्याने दातासाठी मनाने गोळी बंद करायची नाही, एवढं इथेच ठळक सांगून ठेवते. दाताच्या खड्ड्यातलं रक्त बोळा दाबून थांबवता येतं, झडपेवर गुठळी बसली तर ती दाबायला बोट कुठून घालणार?

२३ जानेवारी, गुरुवार. माझं ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाची हृदयविकार ओपीडी सोमवार-गुरुवार असते. पहाटे साडेपाचच्या सुमाराची लोकल पकडली, साडेसातला केसपेपरच्या रांगेत चौतिसावी. पेपर २० रुपये. नंबर लागला पावणेबाराला. डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली, छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि केसपेपरच्या तळाशी तीन शब्दांत लिहून दिलं की दाताच्या कामाला फिट आहे. खाली सही, शिक्का. मी खूश. पतसंस्थेत नोकरी करते, शिक्का दिसला की कागद पूर्ण वाटतो.

२७ तारखेला, सोमवारी, तो कागद घेऊन दंतविभागात गेले. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने, वय असेल सव्वीस-सत्तावीस, कागद वाचला आणि परत दिला. 'मॅडम, फिट म्हणजे काय? गोळी चालू ठेवायची की नाही? आयएनआर कितीपर्यंत चालेल? अँटिबायोटिक कोणतं, किती? हे सगळं लिहून हवं.' मी म्हटलं, तुम्हीच फोन करून विचारा ना. ती म्हणाली, 'फोनवर ऐकलेलं फाइलला लावता येत नाही.' मला राग आला, आणि लगेच स्वतःचंच हसू आलं, कारण हेच वाक्य मी खातेदारांना आठवड्यातून दोनदा ऐकवते.

तर ज्यांना पत्र आणायचंय त्यांनी पहिल्याच खेपेला हे प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा : गोळी चालू का बंद, आयएनआर कितीच्या आत हवा आणि किती तास आधीचा चालेल, अँटिबायोटिकचं नाव आणि डोस, कोणती दुखण्याची गोळी चालेल, कोणती औषधं द्यायचीच नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आपण होऊन सांगायची. माझी एक सुट्टी वाचली असती. हृदयवाले दाताकडे बघत नाहीत, दातवाले हृदयाला हात लावत नाहीत, दोघांचंही बरोबरच आहे, पण मधला शिपाई आपण असतो.

३० जानेवारीला दुसरं पत्र मिळालं. इंग्रजीत, घाईच्या अक्षरात, पाच ओळी. मी पुन्हा शिक्का बघितला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मजकूर वाचला नाही. त्याचं पुढे काय झालं ते येतंच.

३ फेब्रुवारी, सोमवार. पुन्हा दंतविभाग. सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे काढला, १५० रुपये. एक यंत्र डोक्याभोवती फिरतं, आपण दातात काडी धरून पुतळ्यासारखं उभं राहायचं. मग त्या मुलीने तिच्या वरिष्ठ डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हिरडीत सळई घालून एकेक आकडा सांगितला, ती लिहून घेत गेली. पाच, सहा, पाच, सात. हिरडी दातापासून किती मिलिमीटर सुटलीय त्याचे आकडे. तीनपर्यंत ठीक असतं म्हणे.

'इतकी वर्षं का नाही आलात?' मी म्हटलं, व्हॉल्व्हमुळे. भीती वाटायची, दाताचा जंतू हृदयात जाईल म्हणून.

डॉक्टरांनी मास्क खाली केला. 'ताई, मी तुमची दाढ काढणार एकदा, तीही औषध देऊन. तुम्ही जेवता दिवसातून तीनदा. या हिरड्यांनी घास चावला, ब्रश फिरवला की दर वेळी थोडे जंतू रक्तात जातात. तेव्हा कुठे अँटिबायोटिक घेता?'

मी गप्प. मग त्यांनी समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते. तोंडात स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू कायम असतात. (लहानपणी माझा घसा धरला तोही स्ट्रेप्टोकोकसच, पण भाऊबंद वेगळा.) तोंडात ते सहसा निरुपद्रवी. हिरडीतून रक्तात गेले तरी धडधाकट हृदयाच्या माणसाला पत्ता लागत नाही, शरीर थोड्या वेळात त्यांना संपवतं. पण कृत्रिम झडप किंवा तिच्या शिवणीची जागा सापडली तर ते तिथे चिकटू शकतात, त्यावर रक्ताचे कण बसतात, आत जंतू वाढतात. हा एंडोकार्डायटिस. क्वचित होतो, पण झाला तर आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध, कधी पुन्हा ऑपरेशन, आणि माणूस दगावतोही.

अँटिबायोटिकचा एक मोठा डोस आधी द्यायचा तो यासाठी. पूर्वी तो खूप जणांना देत. २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी आखडती घेतली : कृत्रिम झडपवाले, पूर्वी एकदा एंडोकार्डायटिस झालेले, जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार, आणि हृदयरोपण झाल्यावर झडपेत दोष आलेले. ब्रिटनमध्ये तर २००८ मध्ये हे देणंच बंद करा म्हणाले आणि २०१६ ला 'देऊ नये'चं 'सरसकट देऊ नये' करून थोडी वाट मोकळी ठेवली. म्हणजे मोठ्यांचंही एकमत नाही. माझ्या सासऱ्यांना स्टेंट आहे, त्यांनी लगेच विचारलं, मलापण तो डोस लागेल का? नाही. स्टेंट, बायपास, पेसमेकर यांना दातासाठी हा डोस सांगत नाहीत. मात्र त्यांच्याही रक्ताच्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नसतात. ज्यांची स्वतःचीच झडप संधिवाताच्या तापाने खराब आहे, बदललेली नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावं, कारण त्या अमेरिकन यादीत ते बसत नाहीत आणि आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात.

याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'रूट कॅनल केल्याने हार्ट अटॅक येतो' असा एक निरोप फिरत आला, त्यामुळे तेही डॉक्टरांना विचारून घेतलं. त्या हसल्या. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात बरेचदा सापडतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि मधुमेह दोघांच्याही मुळाशी असू शकतात. सडका दात तोंडात ठेवणं मात्र कुणाच्याच हिताचं नाही.

तारीख मिळाली १२ फेब्रुवारी, बुधवार. दाढ आणि सगळ्या दातांचं स्केलिंग (यंत्राने साफसफाई) एकाच बैठकीत, म्हणजे अँटिबायोटिकचा डोस एकदाच. आदल्या दिवशी आयएनआर, साडेतीनच्या आत हवा. मी विचारलं, सकाळची वेळ का? 'रक्त थांबलं नाही तर दिवसा सगळे हजर असतात,' ती मुलगी म्हणाली. इतकं सरळ उत्तर ऐकून उलट धीर आला.

आता माझा पराक्रम. ७ फेब्रुवारीच्या रात्री दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं. घरात नवऱ्याच्या रूट कॅनलच्या वेळची मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची अर्धी पट्टी होती. दातासाठीच दिलेली, मग मलाही चालेल, या न्यायाने चार दिवस घेतली. दुखणं कमी झालं. ११ तारखेला सकाळी इथल्या लॅबमध्ये रक्त दिलं, ३५० रुपये, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. ५.१.

दहा वर्षांत माझं आयएनआर कधी चारच्या वर गेलं नव्हतं. भोगीच्या भाजीपासून मेथी-शेपू किती खाल्लं, गोळी दोनदा घेतली गेली का, सगळं आठवून झालं. मग पर्समधलं ते पत्र काढून मुलाला वाचायला दिलं. चौथी ओळ : मेट्रोनिडाझोल देऊ नये. पाचवी : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, फक्त पॅरासिटामॉल. बारा दिवस तो कागद खांद्याला लावून मी हिंडत होते.

१२ तारखेला तरी गेले. त्या मुलीने आकडा बघितला आणि दाढ काढायला साफ नकार दिला. मला सरळ हृदयविकार विभागात पाठवलं. तिथे ओपीडीचा वार नव्हता, तरी निवासी डॉक्टरांनी उभ्या उभ्या बघितलं, कुठे रक्त येतंय का, लघवीचा रंग, अंगावर निळे डाग, डोकं दुखतंय का, सगळं विचारलं. मेट्रोनिडाझोल ॲसिट्रॉमचा जोर वाढवतं, म्हणून असं झालं. त्या संध्याकाळची गोळी गाळायला सांगितली आणि पुढचा डोस लिहून दिला. (हे त्यांनी सांगितलं म्हणून केलं. आकडा वर दिसला म्हणून मनाने गोळी गाळायची नाही.) १५ तारखेला पुन्हा तपासलं, ३.१. दातांच्या विभागाने नवी तारीख दिली १९ फेब्रुवारी, आणि आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही की त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, २० ला या.

१९ ला आयएनआर २.८. संध्याकाळी मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली : ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, एकदम, कामाच्या एक तास आधी. दुकानदार चष्मा वर करून म्हणाला, 'दिवसातून चार वेळा असेल ते. एकदम कोण देईल?' मी म्हटलं, दादा, एकदमच, दोन ग्रॅम. त्याने चिठ्ठी पालथी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. 'तुमच्या जबाबदारीवर हं.' मग मागच्या ओळीतल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या मुलीलाही असंच देतात, तेव्हा कुठे पट्टी कापली.

२० फेब्रुवारी, गुरुवार. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये इडली खाऊन नऊ वाजता चारही कॅप्सूल, एकेक करून. पोटात दगड बसल्यासारखं झालं. कुणी घाबरून विसरलंच तर काम झाल्यावर दोन तासांच्या आत तो डोस घेता येतो, हे मला नंतर कळलं. विसरू नका, पण विसरलात तर लपवू नका. दहाला पाच कमी असताना आत बोलावलं. मिनिटभर कडू औषधी पाण्याने चूळ, मग स्केलिंग. पंचवीस मिनिटं शिट्टीसारखा आवाज आणि तोंडात गार पाणी. मावशी नळीने ओढून घेत होत्या, पाण्याचा रंग गुलाबी, मग लाल. मी छताच्या पंख्याची पाती मोजली, तीनच होती.

भूल देताना डॉक्टर स्वतः आल्या. खालच्या दाढेची सुई खोल जाते, आत रक्त साचू शकतं, म्हणून आयएनआरचा एवढा हट्ट. सुई घातल्यावर त्यांनी आधी दट्ट्या मागे ओढला, रक्त येत नाही बघितलं आणि मग थेंब थेंब औषध सोडलं. दोन मिनिटांनी छातीत धडधड सुरू झाली. भुलेच्या औषधात थोडं ॲड्रिनॅलिन असतं, होईल, जाईल, असं आधीच सांगितलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी खुर्चीतून उठलेच असते. ओठ जड झाला. मग खोलीत सगळ्यांनी हात थांबवले, भूल चढायची वाट बघत, आणि यंत्रं बंद असल्यामुळे ती टिक टिक सगळ्यांना ऐकू यायला लागली. शिकाऊ मुलीने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मी बोटाने छातीकडे खूण केली. ती एकदम लहान मुलीसारखी हसली.

दाढ निघायला दहा मिनिटं लागली. खड्ड्यात स्पंजचा तुकडा, त्यावर काळ्या रेशमी दोऱ्याचे तीन टाके, त्यावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा. तासभर घट्ट चावून धरायचा, बोलायचं नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. हे थुंकायचं नाही प्रकरण सगळ्यात अवघड. नवरा बाहेर बाकावर मोबाइलमध्ये वेळ लावून बसला होता, मी खुणेने विचारायचे आणि तो बोटं दाखवायचा. तासाभराने डॉक्टरांनी बोळा काढून बघितलं, पाच मिनिटं वाट पाहिली, पुन्हा बघितलं. थांबलं होतं. दाढेचे १०० रुपये भरले आणि घरी आलो. सहा वाजता ॲसिट्रॉम, रोजच्यासारखी.

रात्री उशीवर रुपयाएवढा डाग पडला. आधी दिलेला बोळा अर्धा तास दाबून धरला, थांबलं. घरी जाताना चार-पाच निर्जंतुक बोळे आणि रात्री लावायचा फोन नंबर मागून घ्या, न मागता मिळेल असं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस त्याच ट्रॅनेक्झॅमिकचं पाणी तोंडात नुसतं धरायचं, खळखळायचं नाही. मऊ भात, गार आमटी. २७ ला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, टाके काढले. मला वाटलं, संपलं.

२ मार्च, रविवार. अंगात कणकण, थर्मामीटरवर १०१. पुतण्या आठवडाभर सर्दी-तापाने घरभर शिंकत होता, त्यामुळे त्याच्याकडेच बोट जात होतं. पण दात काढून दहा दिवस झालेले, आणि डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं : पुढच्या काही आठवड्यांत थंडी वाजून ताप, रात्री घाम, उगाच थकवा असं काही झालं तर कळवायचं, आणि कुणीही दिलेलं अँटिबायोटिक रक्त तपासायच्या आधी घ्यायचं नाही. एकदा गोळी पोटात गेली की रक्तातला जंतू तपासणीत सापडेलच असं नाही, आणि झडपेवर बसलेला मरतही नाही. नणंद म्हणत होती, त्या ॲमॉक्सिसिलिनच्याच दोन घे की. एका महिन्यात दुसऱ्यांदा पट्टी समोर होती. या वेळी हात आखडला. पॅरासिटामॉल घेऊन रात्र काढली आणि टिक टिक ऐकत पडले. ती नेहमीसारखीच होती, पण तापात नेहमीसारखं काही वाटत नाही.

३ तारखेला सकाळी रुग्णालयात दाखल झाल्यासारखीच दिवसभर होते. दोन्ही हातांच्या वेगवेगळ्या शिरांतून, मधे वेळ सोडून, तीनदा रक्त घेतलं. बाटल्या तिथल्या यंत्रात ठेवतात, आत जंतू वाढले तर तळाचा रंग बदलतो. डॉक्टरांनी पापण्या खाली ओढून बघितल्या, तळहात, तळपाय बघितले, मग म्हणाले, 'नेलपेंट काढा.' नखांखाली काड्यांसारख्या लाल रेषा दिसतात का ते बघायचं होतं. बाहेरून रिमूव्हर आणला आणि ओपीडीच्या कट्ट्यावर बसून दहा नखं पुसली. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'काय गं, इथं आलीस आणि नटतेस?' रेषा नव्हत्या. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेवर काही दिसलं नाही. ताप टिकला तर घशातून नळी घालून करायचा इको करू म्हणाले, कृत्रिम झडप त्यात जास्त नीट दिसते.

पाच दिवस थांबायचं होतं. ताप ५ तारखेला उतरला, त्याच दिवशी नवरा शिंकायला लागला. इतका आनंद मला त्याच्या सर्दीचा कधी झाला नव्हता. ८ मार्चला शनिवारी दुपारी फोनवर कळलं, तिन्ही बाटल्यांत काही वाढलं नाही.

खर्चाचं विचारतात म्हणून : केसपेपर, एक्स-रे, दाढ, तीन वेळा बाहेरचं आयएनआर, औषधं, सगळं धरून दोन हजारांच्या आत. सुट्ट्या मात्र नऊ गेल्या, आणि त्यातल्या तीन निव्वळ मी कागद न वाचल्यामुळे किंवा नीट न मागितल्यामुळे. पत्राची मराठीत नक्कल करून मी आता ॲसिट्रॉमच्या डबीत ठेवलीय, मेट्रोनिडाझोलखाली दोन रेघा मारून. ब्रश मागच्या दाढांपर्यंत जातो. पहिले दहा दिवस रोज रक्त आलं, मग कमी होत होत होळीच्या सुमाराला थांबलं. म्हणजे ते ॲसिट्रॉमचं नव्हतंच.

पुढचं स्केलिंग २१ ऑगस्टला आहे, गणपती २७ ला. २० ला आयएनआर.